पारूच्या आहाराच्या नोंदी : भाकरी-दुधावरून कच्च्या मटणाकडे

माझी कुत्री पारू आता जवळजवळ पूर्णपणे कच्च्या आहारावर आली आहे. फक्त शेळी-मेंढीची कलेजी ती शिजवलेलीच खाते आणि यापुढेही शिजवलेलीच खाईल. कारण खाली सविस्तर लिहिते. आपल्या भागात कच्चं खायला घालणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावं, एवढी माझी इच्छा आहे.

पारू म्हणजे जत तालुक्यातून आणलेली कारवानी या शिकारी जातीची मादी. वय ३ वर्षं, वजन २२ किलो. घरात कारवानी आबांपासून आहेत. त्यांची पद्धत ठरलेली: सकाळी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून, संध्याकाळी भाकरी-ताक, जमेल तेव्हा अंडं. या खाण्यावर आमची कुत्री म्हातारी होऊन गेली, हे मी विसरत नाही. कुत्र्याला पिठूळ पचतच नाही असं म्हणतात, तेही खरं नाही. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनात कुत्र्यांमध्ये पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यांपेक्षा कितीतरी जास्त सापडल्या. माणसाच्या चुलीशेजारी राहून कुत्रा भाकरी पचवायला शिकला आहे.

मग बदल कशासाठी? पारूचं पोट सतत सैल असायचं, गॅस व्हायचा, आणि विण्यानंतर मांड्या भरून येत नव्हत्या. भाकरी-दुधात प्रथिनं कमीच पडत होती. आधी मी फक्त दूध बंद केलं आणि बाकी सगळं तसंच ठेवलं. अर्धी तक्रार तेवढ्यानेच गेली. म्हणून सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदला. दूध बंद झाल्याचं श्रेय कच्च्या मटणाला दिलं, तर पुढचे सगळे हिशेब चुकतात.

हिशेब असा. ऑस्ट्रेलियातले पशुवैद्य इयन बिलिंगहर्स्ट यांनी १९९३ मध्ये कच्च्या आहाराची मांडणी लोकांपुढे आणली. त्यानंतर जी प्रमाणं रूढ झाली त्यातलं ८०-१०-१० सगळ्यांना ठाऊक आहे: ८० टक्के मांस, १० टक्के हाड, १० टक्के अवयव, आणि अवयवांतली निम्मी कलेजी. वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला रोज त्याच्या वजनाच्या २ ते ३ टक्के खाणं. पारूला अडीच टक्क्यांनी ५५० ग्रॅम. म्हणजे हाड ५५ ग्रॅम, कलेजी २७, गुर्दा किंवा तिल्ली २७. कोंबडीच्या कातडीसकट मानेत साधारण ३६ टक्के हाड असतं, त्यामुळे १५० ग्रॅम मानेत दिवसाचं हाड भागतं. उरलेलं साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास मांस. कातडी काढलेल्या मानेत हाडाचं प्रमाण दुपटीच्या वर जातं, तेव्हा दुकानदाराने कातडी काढली आहे की नाही ते बघून वजन करा.

परदेशी तक्ते गाई-बैलांच्या मांसावर बेतलेले असतात. २०१५ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात ते नाही, म्हशीचं मिळतं. बोकडाचं रोज परवडत नाही. माझा सगळा भर कोंबडीचा पेटा, मान, आणि बोकडाचं दिल, गुर्दा, वजडी यांवर आहे. पेटा म्हणजे कोंबडीच्या पोटाची जाड पिशवी, निव्वळ स्नायू, स्वस्त आणि चघळायला चिवट. वजडी धुऊन पांढरी केलेली नको, नुसती झटकून दिलेली हवी. दुकानातल्या चाचांना हे समजावताना त्यांना आधी विश्वास बसेना. आता मी दिसले की आतूनच आवाज येतो, “ताई, पारूचा पेटा बाजूला ठेवलाय, वजडी धुतलेली नाही.” ज्याच्याकडून मांस घ्यायचं तो माणूस ओळखीचा असणं हा या प्रकारातला सगळ्यात मोठा आधार आहे. मांस कधी कापलंय, जनावर कसं होतं, हे तोच सांगू शकतो.

बदल टप्प्याटप्प्याने केला. सुरुवातीला फक्त कोंबडीचा बिनहाडाचा, बिनकातडीचा तुकडा, तोही भाकरीच्या वेळेपासून वेगळा. शी बांधून येईपर्यंत नवीन काही नाही. मग मान, मग पेटा, आणि सर्वांत शेवटी अवयव. कलेजी अगदी नखाएवढ्या तुकड्यापासून. या काळात माझं लक्ष ताटलीपेक्षा शीकडे जास्त होतं आणि तुमचंही असू द्या. पांढरी, खडूसारखी, हातात घेतली तर भुगा होईल अशी शी म्हणजे हाड जास्त झालं. काळी आणि पातळ म्हणजे अवयव जास्त. पिवळट, वर शेंबडासारखा थर असेल तर चरबी जास्त झाली किंवा घाई झाली. मधल्या एका टप्प्यावर पारूला असा थर दोनदा आला. मी कातडी काढली, मांस तेवढंच ठेवलं आणि तो गेला. आता शी आधीच्या निम्म्याहून कमी असते आणि वास नावाला. पाणीही ती कमी पिते. कच्च्या मांसातच ७० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

कारवानी अन्न गिळतात, चावत नाहीत. म्हणून पहिल्या माना मी एक टोक हातात धरूनच दिल्या. ती दाढांनी कुरकुर चावते आहे असं दिसलं, मग सोडल्या. हातातून जरा जरी हिसकलं की थांबवायचं. ज्यांचं कुत्रं फार हावरट आहे त्यांनी चाचांकडून ओंडक्यावर हाडासकट बारीक कुटून घ्यावं. म्हशीची किंवा बोकडाची नळी मी देत नाही, त्यावर दाढेचा टवका उडतो. शिजवलेलं हाड तर कधीच नाही. ते सुईसारखं फुटतं, आणि रविवारी ताटातलं उरलेलं हाड कुत्र्यापुढे टाकणाऱ्या पाहुण्यांना मी स्पष्ट अडवते. खोल छातीची जात आहे, अशा कुत्र्यांच्या पोटाला पीळ पडू शकतो, म्हणून दिवसातून दोन वेळा खाणं आणि त्यानंतर दोन तास पळणं बंद.

आता कलेजी. शेळी, मेंढी, म्हैस यांच्या कलेजीत आणि फुफ्फुसात पाण्याने भरलेले पांढरट फोड असतात, ते तुम्ही दुकानात पाहिले असतील. ते हायडॅटिड या रोगाचे असू शकतात. असा कच्चा अवयव कुत्र्याने खाल्ला की त्याच्या आतड्यात एक टेपवर्म वाढतो, जेमतेम ३ ते ७ मिलिमीटरचा, शीमध्ये नजरेला न दिसणारा. कुत्र्याला त्रास होत नाही, पण शीतून अंडी बाहेर पडतात, अंगाच्या केसांना चिकटतात, आणि माणसाच्या पोटात गेली तर वर्षानुवर्षं त्याच्या यकृतात किंवा फुफ्फुसात फोड वाढत राहतो. त्यावर बऱ्याचदा ऑपरेशन करावं लागतं. खराब निघालेला अवयव दुकानामागे भटक्या कुत्र्यांना टाकतात, त्यांची शी माळावर पडते, तिथे मेंढरं चरतात. हे चक्र आपल्या डोळ्यांसमोर फिरतंय. धनगरांच्या वाड्यावर एखादी मेंढी जागच्या जागी गोल फिरताना दिसते, तिच्याही मेंदूत बऱ्याचदा कुत्र्याच्याच दुसऱ्या एका टेपवर्मचा फोड असतो. म्हणून कच्ची मुंडीही नाही.

माझा नियम: फोड दिसला तर तो अवयव पुरून टाकायचा. न दिसला तरी कलेजी आतपर्यंत रंग बदलेपर्यंत वाफवायची, फुफ्फुसं घ्यायचीच नाहीत. वाफवल्याने काही जीवनसत्त्वं जरा कमी होतात, ती मी खुशीने सोडते. पारू माझ्या भाचीचा गाल चाटते, मला तो हिशेब जास्त मोठा आहे. शिवाय आमच्या डॉक्टरांनी दर सहा आठवड्यांनी टेपवर्म मारणाऱ्या प्राझिक्वांटेलची गोळी वजनाप्रमाणे ठरवून दिली आहे. कोंबडीत हा टेपवर्म नसतो, पण साल्मोनेला असतो, आणि तो फ्रीझरमध्ये मरत नाही. पुरेसे दिवस नीट गोठवल्याने बरेच परजीवी मरतात, पण जिवाणूंवर विसंबता येत नाही. त्यामुळे स्टीलची ताटली, खाणं झालं की लगेच गरम पाण्याने आणि साबणाने धुणं, उरलेलं वीस मिनिटांत उचलणं. आमच्याकडे मार्चपासून पारा चाळिशीकडे जातो आणि वीजही जाते, तेव्हा दोन दिवसांपेक्षा जास्त साठा करत नाही.

घरात तान्हं मूल, कॅन्सरचे उपचार घेणारं कुणी किंवा फार वयस्कर माणूस असेल तर कच्चं सुरूच करू नका. तेच मांस शिजवा, हाड काढा आणि कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलाची वस्त्रगाळ पूड घाला. अर्ध्या चहाच्या चमच्यात साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. पिल्लांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. वाढत्या हाडांना कॅल्शियम-फॉस्फरसचं प्रमाण चुकलेलं सोसत नाही.

आत्ताची स्थिती: मागच्या मांड्या भरल्या आहेत. शेवटच्या दोन बरगड्या दिसतात, तशा कारवानीच्या दिसायलाच हव्यात. पाठीवरच्या केसांना तेल लावल्यासारखी चमक आहे. रक्ततपासणीत युरिया किंचित वर आला, मांसावरच्या कुत्र्यांत तो येतो. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन व्यवस्थित असल्याचं पाहून चालू ठेवायला सांगितलं. आबांना पटायला वेळ लागला, पण आता सकाळी पारूला द्यायची कोंबडीची मान तेच हातात धरतात. त्यांच्या आग्रहाखातर आठवड्यातून एकदा चतकोर भाकरी ताकात मिळते, आणि ती तिला सोसते.

या आहारात झिंक, ई जीवनसत्त्व आणि आयोडीन कमी पडतं, ते भरून काढणं बाकी आहे. रत्नागिरीहून मिरजेला तारली येते, ती आठवड्यातून दोनदा सुरू करते आहे. काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नासवणारा घटक असतो, तो शिजवल्याने जातो, म्हणून तारलीही वाफवलेलीच. माशाच्या दिवशी तेवढंच मांस कमी. ई जीवनसत्त्वाचा डोस डॉक्टर पुढच्या भेटीत ठरवणार आहेत, तो आला की आकड्यांसकट लिहीन.