आयर्विनचे फूट आणि हरवलेले तास

जून संपला की डेल्फ्टहून घरी केलेला माझा प्रत्येक फोन एकाच प्रश्नाने सुरू होतो. "बाबा, आयर्विनला किती?"

"एकतीस झालंय. सकाळपासनं फूटभर चढलंय."

आयर्विन म्हणजे सांगलीचा कृष्णेवरचा पूल, आणि हा आकडा तिथल्या पाण्याच्या पातळीचा, फुटांत. सांगलीकराला पुढचं सांगावं लागत नाही. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं, तेव्हा हरभट रोडवर होड्या फिरत होत्या. नद्यांचा अभ्यास करायला मी नेदरलँड्सला आलो तो त्या पुरामुळेच.

सध्या कृष्णा खोऱ्यातल्या पावसाच्या जुन्या फाइली एका साच्यात आणतोय. एका ओळीत केंद्राचा क्रमांक, तारीख, तास आणि मिलिमीटर. तास '०३झेड', '०६झेड' असा लिहिलेला. झेड म्हणजे जगभरच्या हवामान नोंदींची सामाईक वेळ. तिचे ०३ म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. आपल्याकडे चोवीस तासांचा पाऊस मोजतात तीच वेळ. मला '०३झेड'चं '०३००' करायचं होतं.

पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हे एका ओळीचं काम. रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात शोधायच्या नमुन्यात, दोन अंक कंसात पकडायचे आणि बदलीच्या मजकुरात 'बॅकस्लॅश १' लिहायचं. पहिल्या कंसात जे सापडलं ते इथे ठेव, असा त्याचा अर्थ. याला बॅकरेफरन्स म्हणतात. मी त्याला लागून दोन शून्यं लिहिली. प्रोग्रॅम मुकाट चालला. फाइल उघडली तर तासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत नुसती @ ची चिन्हं.

दोन संध्याकाळी मी भलतीकडेच शोधत होतो. फाइल बिघडली असेल म्हणून पुन्हा उतरवून घेतली, एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, बदलून पाहिलं. शेवटी सहज एक शून्य खोडलं आणि लगेच एरर आली: दहावा गट अस्तित्वात नाही. गट म्हणजे कंसात पकडलेला भाग. तेव्हा उलगडलं. माझा 'एक आणि पुढे शून्य' पायथन 'दहा' असा वाचत होता. आणि शून्यं दोन असली, म्हणजे 'बॅकस्लॅश १००' झालं, की ते गटाचा क्रमांक उरतच नाही. ती तीन अंकी अष्टमान, म्हणजे आठच्या पायावर मोजलेली, संख्या ठरते. अष्टमान १०० म्हणजे आपले ६४, आणि संगणकाच्या अक्षरांच्या यादीत ६४ क्रमांकाचं चिन्ह @. एका शून्याला ओरडणारा प्रोग्रॅम दोन शून्यांना गप्प बसतो, हे मला फार धोक्याचं वाटतं.

उपाय सोपा आहे. बॅकस्लॅशनंतर इंग्रजी जी, मग कोनी कंसात गटाचा क्रमांक, आणि त्यानंतर शून्यं. कंस बंद झाला की क्रमांक कुठे संपतो यात शंका राहत नाही.

बाबांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "म्हणजे पाऊस कमी दाखवला?"

"नाही, पाऊस बरोबर होता. कधी पडला तेवढं गेलं."

"मग राहिलं काय? सामान माडीवर कधी चढवायचं ते त्यावरच ठरतं की."

खरं आहे. वर पाटणला, महाबळेश्वरला पडलेलं पाणी आपल्या घाटाला कधी लागणार, हा सगळा हिशोब तासांचा आहे. आता तासाच्या जागी चार अंक नसले तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो आणि ओळीचा क्रमांक दाखवतो. सगळ्या फाइली आज रात्री पुन्हा चालवतोय. त्यांत २०१९ च्या ऑगस्टचा पहिला आठवडाही आहे.