साडेतीनशेची रोलेक्स

कॉलेजात असताना फोर्टच्या फुटपाथवरून मी साडेतीनशे रुपयांना 'रोलेक्स सबमरीनर' (पाणबुड्यांसाठीचं रोलेक्सचं घड्याळ) घेतली. विक्रेत्याने आठशे सांगितले होते, त्यामुळे घासाघीस जिंकल्याचाच आनंद जास्त!

लोकलमध्ये शेजारच्या काकांनी ती कानाला लावली आणि हसले. "अरे, ही टिक टिक चालते." सेकंदकाटा दर सेकंदाला एक उडी मारत होता, म्हणजे आत सेलवरचं क्वार्ट्झ यंत्र. खऱ्या सबमरीनरचा काटा सेकंदाला आठ बारीक पावलं टाकत सरकल्यासारखा जातो. रोलेक्सने १९७७ मध्ये क्वार्ट्झचं ऑयस्टरक्वार्ट्झ काढलं, पण क्वार्ट्झ सबमरीनर कधीच काढलं नाही. तारखेवरचं भिंगही नुसती काच. खरं अडीच पट मोठं दाखवतं.

पहिल्याच पावसाळ्यात काचेआड वाफ धरली, मुलामा उडाला, मनगटावर हिरवा डाग. ('सबमरीनर' म्हणे!)

नकलेचा धंदा मात्र जुना. अठराव्या शतकातही लंडनच्या कारागिरांची खोटी नावं घातलेली घड्याळं युरोपात विकली जात. पॅरिसमधला घड्याळजी ब्रेगे याने तर त्यावर उपाय म्हणून तबकडीवर जेमतेम दिसेल अशी गुप्त सही कोरायला सुरुवात केली.

माझ्या घड्याळावर स्पेलिंग तेवढं बरोबर होतं.