कोग्गला: गाव उठलं, पण लेखकाचं घर राहिलं

श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावर गेलेली आपली बहुतेक मंडळी गॉलचा किल्ला बघतात, उनावटुनाला समुद्रात डुंबतात आणि मिरिस्साला देवमासे बघायला पुढे निघतात. या वाटेवरच कोग्गला लागतं. तिथे अर्धा दिवस थांबाच, एवढं सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच. आधुनिक सिंहली साहित्यातलं सर्वांत मोठं नाव म्हणजे मार्टिन विक्रमसिंह (1890–1976). त्यांचं जन्मघर तिथे जपलेलं आहे आणि त्याच आवारात लोकजीवनाचं एक फार सुरेख संग्रहालय आहे.

जाण्याआधी या घराची गोष्ट माहीत असावी, नाहीतर ते नुसतं एक जुनं कौलारू घर वाटेल. विक्रमसिंह यांनी 1940 साली ‘अपे गम’ हे पुस्तक लिहिलं, आपल्या गावाबद्दलचं. त्यानंतर थोड्याच काळात महायुद्ध लंकेच्या दारात आलं आणि ब्रिटिशांनी कोग्गला सरोवराकाठी हवाई तळ उभारण्यासाठी वस्ती उठवली. पाण्यावर उतरणारी कॅटालिना विमानं या सरोवरातून उडायची. 4 एप्रिल 1942 रोजी इथूनच निघालेल्या लिओनार्ड बर्चल या कॅनडाच्या वैमानिकाने जपानी आरमार हेरलं आणि विमान पाडलं जाण्याआधी कोलंबोला इशारा पाठवला. युद्धाच्या इतिहासात कोग्गलाचं नाव येतं ते त्यासाठी. पण ज्यांची घरं गेली ते लोक कुठे पांगले, हा प्रश्न मला तिथे उभं राहिल्यावर जास्त छळत राहिला. गावातलं हे एक घर मात्र वाचलं. आज आजूबाजूला कारखान्यांचा पट्टा आहे, धावपट्टी आहे, आणि मधे झाडीत हे घर. लेखकाच्या अस्थीही त्याच अंगणात विसावल्या आहेत.

घर लहान आहे. ओसरी, बुटके दरवाजे, जुनं लाकूडसामान, लेखकाचे फोटो आणि वस्तू. इथे घाई नको, पण खरा वेळ राखून ठेवा तो शेजारच्या लोकसंग्रहालयासाठी. शेतीची अवजारं, मुखवटे, कळसूत्री बाहुल्या, ताडपत्रं, मातीची भांडी, बैलगाड्या असं खूप काही आहे. कोकणातल्या माणसाचे पाय तर जागोजागी अडतील. मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळले ती ‘ओरुवा’जवळ. उलांडीची, म्हणजे तोल राखायला बाजूला लाकूड जोडलेली, होडी आहे ती: कोरलेल्या ओंडक्याचं अरुंद पोट, त्यावर उभ्या फळ्या, आणि त्या फळ्या काथ्याच्या दोरीने चक्क शिवलेल्या. लोखंडी खिळ्यांचं काम नाही. दोरी ज्या भोकांतून ओवली आहे ती नीट बघा. पुढे ओलिंद खेळाचा लाकडी पट आहे, दोन ओळींत खळगे असलेला. त्यात टाकायच्या बिया म्हणजे आपल्या लाल-काळ्या गुंजा! बसायच्या पाटाला पातं जोडलेली नारळाची खवणी बघून सोबतच्या मावशींनी तिथल्या तिथे तिची उंची हाताने मापून घेतली.

गावाची एकेक वस्तू अशी जमवून ठेवलेली बघितल्यावर ‘अपे गम’ लिहिणाऱ्या माणसाचा जीव कशात होता ते समजतं. म्हणून माझा आग्रह आहे, निदान एक पुस्तक वाचून जा. इंग्रजी अनुवाद मिळतात. मुलं बरोबर असतील तर ‘मडोल दूव’ (1947) घ्या, घरातून पळून बेटावर राहायला गेलेल्या दोन पोरांची गोष्ट. मोठ्यांसाठी ‘गंपेरलिय’ (1944) ही कादंबरी. तिच्यावर लेस्टर जेम्स पेरिस यांनी काढलेल्या चित्रपटाला 1965 साली दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात सुवर्णमयूर मिळाला होता.

आता जायचं कसं. मुंबईहून कोलंबोला थेट विमान आहे. कोलंबो फोर्टहून गॉलची रेल्वे पकडा. उजव्या हाताच्या खिडकीत बसलात तर बराच वेळ समुद्र अगदी रुळांलगत दिसतो. गॉल स्थानकासमोरच्या स्टँडवरून मातराकडे जाणाऱ्या बस सारख्या सुटतात. कंडक्टरला ‘मार्टिन विक्रमसिंह म्यूझियम’ म्हणा, तो मुख्य रस्त्यावर उतरवतो आणि तिथून थोडं आत चालायचं. कोग्गलाला रेल्वे स्थानक आहे, पण जलद गाड्यांच्या भरवशावर राहू नका. ज्येष्ठ मंडळी असतील तर गॉलहून टुकटुक ठरवा, भाडं आधी बोलून घ्या किंवा ‘पिकमी’ अॅप वापरा.

सकाळी लवकर पोचलेलं बरं, दुपारी दमट उकाड्याने जीव नकोसा होतो. तिकिटासाठी रोख श्रीलंकन रुपये जवळ असू द्या. आत फोटो काढण्याआधी विचारा. झाडीत डास आहेत, मलम लावून जा. पौर्णिमेला तिथे ‘पोया’ची सुट्टी असते, त्या दिवशी संग्रहालय उघडं आहे का ते आधी पक्कं करा. डिसेंबर ते मार्च हा काळ उत्तम. मेपासून तिकडचा पावसाळा सुरू होतो आणि समुद्र खवळलेला असतो.

शाकाहारी मंडळींनी एक लक्षात ठेवायचं. भात-आमटी सगळीकडे मिळते, पण नारळाच्या ‘पोल सांबोल’मध्ये आणि कित्येक भाज्यांतही ‘उंबलकड’ म्हणजे सुक्या माशाचा चुरा घालतात. भाजी बघून फसू नका, ‘उंबलकड नको’ असं मागवतानाच सांगा.

संग्रहालयानंतर वेळ उरला तर समुद्रात खांबांवर बसलेल्या कोळ्यांचे फोटो काढण्यापेक्षा कटालुवाच्या पूर्वाराम विहारात जा. खांबांवरची बरीच माणसं आता पर्यटकांसाठीच बसतात आणि फोटोचे पैसे मागतात. विहार तिथून जवळ आहे आणि भिंतीवर एकोणिसाव्या शतकातली चित्रं आहेत. जातककथांच्या गर्दीत व्हिक्टोरिया राणीही रंगवलेली आहे, ती शोधा. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे हवेत, चपला बाहेर काढायच्या, आणि बुद्धमूर्तीकडे पाठ करून सेल्फी अजिबात काढायचा नाही. तिथे तो मोठा अपमान समजतात.