ऊ कोट्टु

पहाटे पावणेपाचला मी माळ्यावर जाते. शेजारचे माग सहाला सुरू होतात आणि मग त्या खटखटीत वाक्य जुळत नाही. मधल्या सव्वा तासात होईल तेवढंच माझं लेखन. नळाला पाणी यायचं असेल त्या दिवशी तेवढंही नाही. राजकन्या गुहेत अडकलेली असली तरी आधी पिंपं भरायची.

मागे एका लग्नात एका बाईंनी विचारलं, "टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिता ना तुम्ही? मग हे राक्षसबिक्षस सुचतात कुठून?" पुरीभाजीचं ताट हातात होतं, त्यामुळे हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर असं, की विड्यांमधून.

आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले. घरात तेलुगू, शाळेत मराठी, कोपऱ्यावरच्या दुकानात मोडकंतोडकं कन्नड. आमची अव्वा, म्हणजे आजी, विड्या वळायची. मजुरी हजार विड्यांवर. मांडीवर सूप, सुपात तंबाखू. भिजवलेल्या तेंदूच्या पानावर पत्र्याचा फर्मा ठेवून कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू घालून वळायचं, दोरा गुंडाळायचा, तोंड मुडपायचं. हात चालू, गोष्टही चालू. देवांसाठी कमळाच्या देठातल्या तंतूंचं वस्त्र विणणाऱ्या भावनाऋषींची गोष्ट मी तिथेच ऐकली. नारळी पौर्णिमेला त्यांच्या वडिलांचा, मार्कंडेयाचा रथ निघाला की भावनाऋषी वाघावर बसून मागून येतील म्हणून मी गर्दीत टाचा उंचावून उभी राहायचे.

पंचवीस विड्या झाल्या की अव्वा बंडल बांधायची. बांधताना मोजायची आणि मोजताना अर्थातच बोलायची नाही. नेमका तेव्हाच राक्षसाने दरवाजा ढकललेला असायचा! ती मुद्दाम करते असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. माझी प्रकरणं आजही तिथेच तुटतात.

आणि मध्ये मध्ये ती म्हणायची, "ऊ कोट्टु." म्हणजे हुंकार दे. आमचा 'ऊ' थांबला की पोरं झोपली असं समजून गोष्ट बंद.

पैठणच्या सातवाहन दरबारातल्या गुणाढ्याची दंतकथा मोठेपणी वाचली, तेव्हा मला अव्वाच आठवली. त्याने म्हणे 'पैशाची' नावाच्या प्राकृत भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, तीही स्वतःच्या रक्ताने. राजाने ती नाकारली. मग तो रानात एकेक पान मोठ्याने वाचून आगीत टाकायला लागला, आणि जनावरं चरायचं सोडून ऐकत उभी राहिली. राजाच्या ताटात सुकं मांस यायला लागलं तेव्हा कुठे चौकशी झाली. तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. उरलेल्या एका लाखाच्या पुण्याईवर अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागर रचला. सगळे त्या राजाला नावं ठेवतात. मला आपलं त्या हरणांचं कौतुक. चारा सोडून 'ऊ' देणारे श्रोते कुणाला मिळतात?

माझ्या गोष्टींतली जादू मात्र वडिलांची. नायना चादरीच्या कारखान्यात ग्राफ काढायचे. चौकटीच्या कागदावर मोर रंगवायचा, त्यावरून जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, पुठ्ठ्याची कार्डं पाडायची. भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. एकदा एक भोक चुकलं आणि त्या मालातले सगळे मोर आंधळे निघाले. नायना दोन दिवस जेवले नाहीत.

सोलापुरी चादर उलटी करून बघा. वर लाल जमिनीवर पांढरा मोर असेल, तर खाली पांढऱ्या जमिनीवर लाल. वर आलेला रंग खालून गेलेला असतोच. माझ्या राज्यातल्या जादूचा नियम हाच. इथे पाऊस पाडला की तिकडे कुठेतरी विहीर आटते. नकाशेही मी नायनांच्या उरलेल्या ग्राफपेपरवरच काढते. नदी वळवायची तर चौकटी मोजाव्या लागतात, आणि खरं सांगते, लिहिण्यापेक्षा मला त्यातच जास्त मजा येते. कधी कधी सव्वा तास नुसत्या डोंगरात जातो.

रात्री फोनवरून भावाच्या मुलीला वाचून दाखवते. नऊ वर्षांची आहे. तिचा 'ऊ' जिथे थांबतो तिथे मी पेन्सिलीने फुली मारते. गेल्या महिन्यात तिने मला पकडलं. "अत्ता, जादूगाराने राणीची जखम बरी केली ना? मग ती कुणाला झाली?"

मी गप्प. चाळीस पानं उसवावी लागली. ती जखम आता राणीच्या धाकट्या भावाच्या पाठीवर आहे, आणि त्याला अजून त्याचं कारण कळलेलं नाही. एवढी छान गोष्ट मला आपणहून सुचली नसती.

काल राज्याभिषेकाच्या वर्णनात फुली पडली. दीड पान दागिनेच होते, चूक माझीच. उद्या पाणी आहे. परवा उसवायला घेईन.