नुकऱ्याची पापणी आणि ती गाठ

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात नुकऱ्याला, म्हणजे गुलाबी कातडीच्या पांढऱ्या घोड्याला, भाव चांगला मिळतो, पण त्याची ती कातडी आणि आपलं ऊन यांचं अजिबात जमत नाही. रंग नसलेल्या पापणीवर स्क्वॅमस सेल कार्सिनोमाचा, म्हणजे कातडीच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो. आमच्या घोड्याच्या खालच्या पापणीवर लालसर जखम भरेचना, सगळे म्हणाले माशी बसली असेल हळद लावा, मी म्हटलं हळद राहू दे, आधी डॉक्टर.

डॉक्टरांनी आधी त्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवला, कारण सारकॉइड, म्हणजे घोड्यांच्या कातडीवरची दुसऱ्या प्रकारची गाठ, निघालं तर गणितच बदलतं, ते नुसतं कापलं की बऱ्याचदा परत येतं आणि कधी आधीपेक्षा जोरात. आमचं कार्सिनोमाच निघालं.

गाठ छोटी म्हणून ऑपरेशन घोडा उभा असतानाच केलं, गुंगीचं इंजेक्शन आणि पापणीच्या नसा बधिर करून. मला तेच बरं वाटलं, पूर्ण भूल दिलेला घोडा उठताना धडपडून पाय मोडून घेऊ शकतो ना. पापणीच्या साधारण एक तृतीयांशापर्यंत भाग गेला तर कडा थेट शिवता येतात, जास्त गेला की शेजारची कातडी सरकवावी लागते. खरी कसरत टाक्यांची, कारण टाक्याच्या दोऱ्याची एखादी गाठ डोळ्याला घासली तरी कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पारदर्शक पडद्यावर, अल्सर. कापल्यावर उरलेसुरले कॅन्सरचे कण गोठवून मारायला कडेला लिक्विड नायट्रोजनही मारलं.

आता उन्हातले यूव्ही किरण अडवणारा मास्क घालूनच चरायला सोडतो, आणि दुसऱ्या डोळ्याची तिसरी पापणी, म्हणजे आतल्या कोपऱ्यातला पडदा, तीसुद्धा उघडून बघतो, ती तर कोणी बघतच नाही.