मावशीचा एको

नवरात्राच्या आधीचा पंधरवडा म्हणजे आमच्या धंद्याची सुगी. लातुरात गंजगोलाईच्या मागच्या अंगाला, एका कापड दुकानाच्या माडीवर माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली, चारी भिंतींना ठोकलेल्या वाकळा, एक माईक, त्याचा आवाज कॉम्प्युटरात घेणारी डबी म्हणजे इंटरफेस, आणि एक लॅपटॉप. 2016 च्या उन्हाळ्यात शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा मी हे दुकान मांडलं. लोक म्हणाले, प्यायला पाणी नाही अन् ह्याला गाणी सुचायलीत. तरी चाललं. भीमगीतं, भारुडं, लग्नातली गाणी, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची गाणी, सगळं होतं इथं. पितृपंधरवड्यात मात्र आराधी गाण्यांची रांग लागते. घटस्थापनेला गाणं बाहेर पडलं नाही तर ते पुढच्या वर्षावर गेलं.

त्या दिवशी औसा तालुक्यातल्या एका गावाहून मावशी आल्या होत्या. सत्तरीच्या असतील. गळ्यात कवड्यांची माळ, कपाळभर कुंकू. सोबत संबळवाले मामा आणि मावशींचा नातू. नातवाच्या खिशात पेनड्राइव्ह. पुण्यातल्या एका मित्राकडून त्यानं गाण्याचं म्युझिक बनवून आणलेलं, आणि तेही तयार फाइल नव्हे, अख्खा प्रोजेक्ट, म्हणजे प्रत्येक वाद्याचा आवाज सुटा. असे 64 ट्रॅक. "दादा, प्रोजेक्टच उघडा. मधी मधी ढोल बदलायचाय."

इथं माझी एक चूक कबूल करतो. आदल्या रात्री झोपेच्या तारेत मी रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरचं अपडेट घेऊन ठेवलं होतं. कामाच्या हंगामात अपडेट घेणं म्हणजे पेरणीच्या दिवशी तिफण मोडून नवी बांधायला घेणं. सकाळी ते उघडलं, तर त्यानं सगळे प्लगइन, म्हणजे आवाजावर एकोसारखे संस्कार करणारे जोड-प्रोग्राम, पहिल्यापासून तपासायला घेतले आणि एका नावावर येऊन जे थांबलं ते थांबलंच. अर्धा तास झाला. मावशी सतरंजीवर बसून पडद्याकडं बघत होत्या.

"ह्याच्या अंगात आलंय का काय बाबा?"

मामा हसले. मला हसू येईना. शेवटी लक्षात आलं. ते अडकलं नव्हतं, माझ्या उत्तराची वाट बघत होतं. 'हा प्लगइन जुना आहे, वगळू का?' असला काहीतरी प्रश्न विचारणारी चौकट त्यानं दुसऱ्या मॉनिटरवर उघडली होती. आणि तो मॉनिटर आठवडाभरापासून दुरुस्तीला गेलेला. न दिसणाऱ्या चौकटीला उत्तर द्यायचं म्हणून मी देवाचं नाव घेऊन एंटर दाबला, अन् गाडी पुढं सरकली. हे बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं दोन-दोन पडद्यांची, थंडगार एसीची खोली असते. वाकळा ठोकलेली खोली त्यांनी पाहिलेली नाही.

गाणं सुरू केलं तर हेडफोनमध्ये चरचर. तेलात मोहरी तडतडावी तसा आवाज. याचं कारण आमच्याकडच्या माणसाला घागरीवरून चटकन समजतं. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबानं पुढं देत नाही. तो घागर भरतो, मग ओततो. त्या घागरीला बफर म्हणतात. सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने येत असतात. 128 नमुन्यांची घागर धरली तर ती तीन मिलिसेकंदांत भरते. भरली की तेवढ्याच वेळात 64 ट्रॅकचा सगळा हिशेब उरकून ती ओतावी लागते. नाही जमलं, की धार तुटते. तीच ती चरचर. मी घागर मोठी केली, 1024 ची. चरचर थांबली. पण ही घागर भरायलाच 23 मिलिसेकंद लागतात. येताना एक, जाताना एक, वर इकडचं तिकडचं धरून पन्नासच्या घरात.

पन्नास मिलिसेकंद म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्याही आत. मला वाटलं, मावशींना काय कळतंय. त्यांनी डोळे मिटून पहिली ओळ उचलली, दुसऱ्या शब्दाला थांबल्या आणि मान वळवून मागं बघितलं.

"माझ्या मागं झील कोण धरायलंय?"

कोणीच नव्हतं. त्यांचाच आवाज त्यांना मागून ऐकू येत होता. हवेत आवाजाला एक मीटर जायला जवळजवळ तीन मिलिसेकंद लागतात. त्या हिशेबानं मावशींचं तोंड त्यांच्या कानापासून पन्नास-पंचावन्न फूट लांब जाऊन बसलं होतं. पुन्हा गायल्या, तर त्या झीलकऱ्यासाठी थांबत थांबत गायला लागल्या. लय बसेना. मामा संबळावरची वाकडी काडी वर धरून ताटकळले. मग मावशींनी एका कानावरचा हेडफोन मागं सारला. मोकळ्या कानानं स्वतःला ऐकायचं अन् झाकल्या कानानं म्युझिक.

यावर जुना उपाय आहे. इंटरफेसवर एक गोल बटण असतं. ते फिरवलं की माईकचा आवाज कॉम्प्युटरात न जाता थेट हेडफोनला येतो. उशीर संपला. मी ते फिरवलं आणि मावशींचं तोंड कडू झालं. आमच्याकडं गाणाऱ्याला एको लागतो. पोरगं असो की म्हातारं, माईकपुढं आलं की पहिला शब्द 'चेक' नसतो, 'एको टाका' असतो. आणि एको असतो कॉम्प्युटरच्या पोटात. थेट येणारा आवाज कोरडा ठणठणीत.

"बाबा, हे घरात म्हणल्यावानी झालं. देवीम्होरं म्हणल्यावानी पाहिजे."

एको हवा तर उशीर घ्या, उशीर नको तर कोरडं गा. वीस मिनिटं मी या पेचात होतो. मामा तंबाखू मळत होते. मावशी हेडफोन गळ्यात अडकवून साधंच गुणगुणत बसल्या, आणि ते गुणगुणणं सकाळपासूनच्या सगळ्या टेकपेक्षा सरस होतं, हेही मला ऐकू येत होतं.

मग डोक्यात आलं, की दगडी मंडपात तरी एको लगेच कुठं येतो? आवाज भिंतीपर्यंत जाणार, आपटणार, मग परत येणार. पन्नास मिलिसेकंद म्हणजे पंचवीस-तीस फुटांवरची भिंत. म्हणजे मावशींचा मूळ आवाज थेट बटणावरून द्यायचा आणि कॉम्प्युटरातून नुसता एको पाठवायचा, मूळ आवाज वगळून. तो खुशाल उशिरा येईना, एकोचं कामच उशिरा यायचं! हे कुठं छापलेलंही असेल, पण माझ्या डोक्यात तोवर आलं नव्हतं. आता सॉफ्टवेअरमधला मूळ आवाज बंद करायचं बटण हवं होतं. कालपर्यंत ते ट्रॅकच्या डाव्या अंगाला होतं. अपडेटनंतर तिथं एक सुबक रिकामी जागा होती. दहा मिनिटं धुंडाळल्यावर ते राइट-क्लिकच्या यादीत, तळाशी सापडलं.

मावशींनी दोन्ही कान झाकले, एक ओळ म्हणाल्या आणि मान डोलावली. बस्स.

अन् लाइट गेली.

इन्व्हर्टर सुरू झाला. तो स्वस्तातला, त्यामुळं लॅपटॉपच्या चार्जरमधून माईकच्या लाइनीत भुणभुण येऊ लागली. माझा ठरलेला तोडगा म्हणजे चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करायचं. काढला, भुणभुण गेली. टेक सुरू केला आणि दुसऱ्या कडव्यात पुन्हा ती चरचर. आता तर 1024 वर! पडद्यावर 'आवाजाला उशीर झाला' अशा अर्थाची पट्टी आली. कोणत्या ट्रॅकमुळं झाला, ते सांगायची त्या पट्टीला पद्धत नाही. टास्क मॅनेजर सांगत होता, प्रोसेसर 38 टक्के. तो आकडा फसवा असतो, कारण तो सगळ्या कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या आठही कामगारांची, सरासरी सांगतो. मास्टरवर, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथं, एकामागं एक लावलेले प्लगइन एकाच कोअरच्या मानेवर बसतात. बाकीचे सात निवांत, एकाचा जीव जातोय, आणि आकडा म्हणणार सगळं ठीक.

मी अपडेटला शिव्या घातल्या. प्लगइन एकेक बंद केले, वायफाय बंद केलं, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं. अर्धा तास गेला. छताचा पंखा रेकॉर्डिंगला बंदच ठेवतो, घामानं माउस निसटत होता. मावशी म्हणाल्या, "मघाशी ती पेटी फुसफुस करायली होती. आता गपगार झालीय."

पेटी म्हणजे लॅपटॉप. फुसफुस म्हणजे त्याचा पंखा. सकाळपासून तो जीव तोडून फिरत होता, आणि चार्जर काढल्यापासून गप्प होता. बॅटरीवर गेल्या गेल्या लॅपटॉपनं वीज वाचवायला स्वतःचा वेग कमी केला होता. अपडेटचा यात काही दोष नव्हता, चार्जर मीच काढला होता. पडद्यावर आकड्यांची जत्रा भरलेली असताना मला दिसलं नाही, ते मावशींनी कानानं सांगितलं.

पुढचं झटपट झालं. नातवाला म्हटलं, ढोल आहे तो राहू दे. चार्जर लावून 64 ट्रॅकची एक फाइल काढली, या कामाला भुणभुण आड येत नाही. कोरा प्रोजेक्ट उघडून ती फाइल त्यात टाकली, पॉवरची सेटिंग पुरती वर केली, चार्जर काढला. बॅटरी 61 टक्के. गावची शेवटची एसटी सव्वासहाला, घड्याळात पाच. तीन गाणी, प्रत्येकी दोन टेक. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी मामांनी संबळावर असा काही हात फिरवला, की खालचा कापड दुकानदार जिन्यात येऊन उभा राहिला. मावशी चप्पल घालता घालता लॅपटॉपच्या झाकणाला कुंकवाचं बोट लावून गेल्या. ते मी अजून पुसलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाणी पाठवली. रात्री नातवाचा फोन. "दादा, आजी म्हणायली, गाणी झकास झाल्यात. पण एको जरा कमी पडलाय."

लॅपटॉप उघडला. पडद्यावर नव्या अपडेटची चौकट, 'आत्ता' आणि 'नंतर' अशी दोनच बटणं. 'नंतर' दाबलं आणि मावशींचा एको दोन काड्या वाढवला.