दूर्वेचं बी घरी धरलं, माझा अनुभव

दूर्वेला बी येतच नाही, असं मला इतक्या जणांनी ऐकवलंय की अजून राग येतो. नर्सरीवाला म्हणाला, ताई काडी खोचा, बी-बी काही नसतं. येतं हो! नीट येतं, फक्त ते का धरत नाही हे कोणी सांगत नाही.

लावणं, वाढवणं यावर लिहिण्यासारखं काही नाही, मुलुंडच्या आमच्या बाल्कनीत ऊन चांगलं आहे, हरळी, म्हणजे दूर्वाच, माजतेच. पावसाळा सरता सरता तुरे आले, काडीच्या टोकाला चार-पाच बारीक बोटं फुटल्यासारखे. सकाळी भिंगातून बघा, प्रत्येक बोटावर दोन रांगांत फुलं असतात, त्यातून तीन-तीन पुंकेसर लोंबतात आणि दोन जांभळट पिसं बाहेर येतात. ती पिसं म्हणजे कुक्षी, वाऱ्यावरचे पराग झेलायला. पाकळ्या नाहीत, वास नाही, मध नाही, कारण मधमाशीला बोलवायचंच नसतं, सगळं काम वाऱ्याचं. फुलाच्या बुडाशी दोन सूक्ष्म गाठी असतात, त्या पाण्याने फुगल्या की फूल उघडतं. मला हे बघून इतका आनंद झाला की सोसायटीतल्या दोघीतिघींना हाताला धरून आणून दाखवलं.

आणि मग अडलं. तुरे वाळले, मी चोळले, नुसती फोलं! परत तुरे आले, परत फोलं. नखाने दाबलं तर आत काहीच नाही. ज्याला विचारावं तो म्हणे खत टाका, युरिया टाका, कुंडी मोठी घ्या. आणि मी वाट बघतेय, प्रत्येक तुऱ्याला आठवडेच्या आठवडे, आणि हाती कोंडा. खरं कारण खताचं नव्हतंच. हरळी स्वतःच्या परागाने जवळजवळ बी धरत नाही, तिला दुसऱ्या झाडाचे पराग लागतात. आणि आपण एका काडीपासून दहा कुंड्या केल्या तरी ते सगळं एकच झाड, भोवती कितीही पसरलं तरी. फुलं भरपूर, पराग भरपूर, बी नाही. एवढी साधी गोष्ट कोणी सांगितली असती तर एक अख्खा मोसम वाचला असता माझा!

उपाय दादरच्या फूलबाजारात मिळाला. गणपतीच्या सुमारास वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून जुड्या घेतल्या, त्यातल्या ज्या काड्यांना खालची पेरं होती त्या निवडल्या आणि पेर मातीत दाबलं, मुळं फुटतात. (नुसती तीन पानांची कोवळी टोकं घेऊ नका, ती रुजत नाहीत.) गावाहून कोणी येणार असेल तर तिथली काडी मागवा, ते सगळ्यात उत्तम. मग या नव्या कुंड्या जुन्या कुंड्यांना खेटून ठेवल्या आणि फुलं उघडली की सकाळी काचा सरकवून तुरे हलकेच एकमेकांवर झटकले. गवताचे पराग फार वेळ जिवंत राहत नाहीत, भाताचे तर काही मिनिटांतच निकामी होतात, म्हणून दुपारी करू म्हणून ठेवायचं नाही. पाऊस चालू असेल तर त्या दिवशी सोडून द्या, ओले पराग उडत नाहीत.

यावेळी तुरा चोळला आणि तळहातावर हलकी फुंकर मारली, फोलं उडाली आणि दाणे राहिले. मिलीमीटरभराचे, तांबूस, पण भरलेले!! त्या नर्सरीत मुद्दाम नेऊन दाखवले मी.

तुरा हिरवा असताना कापू नका, वाळून पिवळट-तपकिरी झाला की कापा, पण फार थांबलात तर दाणे गळतात, म्हणून तुऱ्यावर कागदी पिशवी सैल बांधलेली बरी. प्लास्टिकची नको, आपल्या हवेत आत घाम धरतो आणि बुरशी येते. ऑक्टोबरच्या उन्हात पेपरवर पसरून, मग सिलिका जेलच्या पुडीसोबत घट्ट झाकणाच्या बाटलीत. पेरताना मातीत पुरायचं नाही, वरच भुरभुरवून दाबायचं, उजेड लागतो त्याला.

अजून एक, हे आधीच सांगायला हवं होतं: कुंडीत आपोआप उगवलेलं, जाड चपट्या बोटांचं, नाचणीसारखं दिसणारं गवत म्हणजे हरळी नव्हे. त्याला एकट्याला भरभरून बी येतं, ते तुमच्या बाटलीत गेलं तर पुढच्या वर्षी कुंडीभर तेच, तेव्हा तुरा येताच उपटा.